जपानमध्ये क्रूझच्या धक्क्यावरून खरेदीला निघताना या चुका टाळा

क्रूझ बंदरात लागते सकाळी आणि बऱ्याचदा संध्याकाळीच सुटते. हाताशी येतात जेमतेम सात-आठ तास, म्हणून त्यातला एकही तास फुकट जाऊ देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बंदराचं नाव पाहायचं आणि धक्क्याचं विसरायचं. योकोहामाचंच बघा. बोट ओसानबाशी धक्क्याला लागली तर निहोन-ओदोरी स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. पण बे ब्रिजखालून जाऊ न शकणाऱ्या उंच बोटी दाइकोकू धक्क्याला लागतात. तो मालवाहतुकीचा भाग, जवळ स्टेशन नाही. तिथून शटल बसने किंवा टॅक्सीनेच निघावं. म्हणून आदल्या रात्रीच बोटीच्या रिसेप्शनवर विचारा: धक्का कोणता, शटल कुठे सोडते, परतीची शेवटची शटल कधी?

निहोन-ओदोरीहून मिनातोमिराई रेल्वे लाइनने दुसरंच स्टेशन मिनातोमिराई; क्वीन्स स्क्वेअर मॉल स्टेशनला जोडलेलाच आहे. पण सकाळी आठला पोचून उपयोग नाही, मोठी दुकानं दहा-अकराला उघडतात. गोंधळ होतो तो येताना. हातात पिशव्या, समोर आलेली पहिली गाडी पकडली, आणि ती निघाली लिमिटेड एक्स्प्रेस. आपली फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही, तशी ही निहोन-ओदोरीला थांबत नाही. फलकावर 'लोकल' लिहिलेलीच पकडा. तरी चुकलंच तर घाबरू नका. पुढचं मोतोमाची-चुकागाई हे शेवटचं स्टेशन आहे. तिथे उतरून यामाशिता पार्कमधून समुद्राच्या कडेने ओसानबाशीला चालत येता येतं.

बसची रीत गावागणिक बदलते. योकोहामाच्या सिटी बसमध्ये पुढून चढायचं आणि चढतानाच पैसे द्यायचे. फुकुओकाला, म्हणजे हाकाता बंदराला उतरलात तर उलट: मधल्या दाराने चढायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे टाकायचे. सुइकासारखं ट्रेन-बसच्या भाड्याचं प्रीपेड कार्ड असेल तर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा टेकवा. चढताना विसरलात तर उतरताना अडकाल. रोख देणार असाल तर १००० येनची नोट आणि सुटी नाणी जवळ हवीत, १०,००० ची नोट तिथे कामाची नाही.

सुइका कार्ड सगळीकडे चालतं हा समजही सोडा. २०१३ पासून ते देशभरातल्या बहुतेक मोठ्या शहरांत चालतं खरं, पण यात्सुशिरो बंदर ज्या कुमामोतो प्रांतात आहे तिथल्या पाच बस कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ते घेणं बंद केलं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर मोबाइल सुइकाचा भरवसा धरू नका, प्लास्टिकचं कार्डच घ्या.

तैवानच्या कीलुंगहून ओकिनावाला येत असाल तर घड्याळ एक तास पुढे करा. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. बोटीवर कोणती वेळ पाळतात तेही विचारून ठेवा.

आणि करमुक्त खरेदीसाठी पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट बोटीवर जमा असेल तर उतरताना मिळालेला लँडिंग परवाना सांभाळा, दुकानात मूळ कागदच दाखवावा लागतो.