लो-फ्लोअर ट्रामची रचना थांब्यावरून कशी ओळखावी

लो-फ्लोअर म्हणजे पायऱ्या न चढता आत शिरता येईल इतकी खाली फरशी असलेली ट्राम. आधी चाकं शोधा. बहुतेक मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या ट्राममध्ये आखूड भागाखाली चाकांचा संच असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लांब भाग बिनचाकांचे, शेजाऱ्यांच्या आधारावर लटकलेले. रुंद दारं याच लटकत्या भागांत बसवतात. फरशी रुळांपासून साधारण 30-35 सेंटीमीटर उंच; व्हिएन्नाच्या यूएलएफ या ट्राममध्ये तर 20 सेंटीमीटरच्याही आत. खाली जागा उरत नाही, म्हणून कन्व्हर्टर (मोटरला हवी तशी वीज करून देणारं यंत्र) आणि एसी छपरावर जातात.

लांबी वाढवायची तर एक चाकांचा आणि एक लटकता भाग जोडीने घालतात: पाचाचे सात होतात. डब्लिनमध्ये तिथल्या लुआस ट्रामसेवेच्या 30 मीटरच्या गाड्या अशाच 40 मीटरच्या केल्या. पण त्याआधी फलाट, डेपोतला गाडी खालून तपासायचा खड्डा आणि वीजपुरवठा तपासावा लागतो. अडचण बहुधा तिथेच निघते.

आता वळणावर लक्ष ठेवा. चाकांचा संच जवळपास न वळणारा असेल तर अख्खा भाग झटक्याने वळतो. चाकं आणि रूळ लवकर झिजतात, सांध्यांवर ताण येतो. सीमेन्सच्या कॉम्बिनो ट्रामच्या ॲल्युमिनियम सांगाड्याला अशाच ताणाने तडे गेले आणि 2004मध्ये बऱ्याच गाड्या थांबवाव्या लागल्या. नंतरची बुडापेस्टची जवळपास 54 मीटरची कॉम्बिनो पोलादी सांगाड्याची आहे. प्रागच्या स्कोडा 15टी ट्राममध्ये सगळी फरशी खाली आणि बिनपायऱ्यांची असूनही चाकांचे संच वळतात. महागडा उपाय, पण जुन्या शहरातल्या तीव्र वळणांना तोच शहाणपणाचा.