आवडता रॉक बँड पॉपकडे वळला तर काय करावे: जुन्या श्रोत्यांसाठी काही सूचना

ज्या बँडची गाणी वर्षानुवर्षे ऐकली, त्याचा नवा अल्बम लावल्यावर गिटार कुठे गेली हे शोधत बसावे लागले, तर जुन्या श्रोत्याला राग येणे स्वाभाविक आहे. मात्र त्या रागाच्या भरात काही जण जुन्या सीडी काढून टाकतात, काही जण बँड पैशासाठी विकला गेल्याचा शिक्का मारून मोकळे होतात आणि काही जण निष्ठेपोटी न आवडणारी गाणीही आवडतात असे स्वतःला पटवत राहतात. या तिन्ही गोष्टींचा पुढे पश्चात्तापच होतो. त्याऐवजी नेमके काय बदलले आहे हे आधी कानांनी आणि नंतर श्रेयनामावलीवरून तपासावे, आणि त्या बँडशी आपले नाते किती ठेवायचे हे त्यानंतर ठरवावे, असा क्रम येथे सुचवला आहे.

एका गाण्यावरून अल्बम जोखू नये

अल्बमच्या आधी जे गाणे प्रसिद्ध होते, ते रेडिओवर आणि स्ट्रीमिंगच्या याद्यांत चटकन जागा मिळवील या हिशेबाने निवडलेले असते. स्पॉटिफायवर एखादे गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते. त्यामुळे दीड मिनिट नुसती वाद्ये वाजवून मग गायला लागणारे गाणे जाहिरातीसाठी सहसा पुढे केले जात नाही. ते एकच गाणे ऐकून बँडबद्दल मत बनवणे म्हणजे दुकानाच्या दर्शनी कपाटावरून आतल्या मालाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

जेनेसिस या ब्रिटिश बँडच्या जुन्या चाहत्यांनी हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. १९७२ साली २० मिनिटांहून मोठी रचना अल्बमवर घेणाऱ्या या बँडचा ‘इन्व्हिजिबल टच’ हा अल्बम १९८६ साली आला, त्याचे शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि आता हा बँड आपला राहिला नाही असे अनेकांनी ठरवून टाकले. पण त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूला ‘डॉमिनो’ ही दोन भागांची, १० मिनिटांहून मोठी रचना आहे, आणि अल्बमचा शेवट ‘द ब्राझिलियन’ या शब्दांविना असलेल्या वाद्यरचनेने होतो. पहिल्या बाजूवरची गाणी ऐकूनच ज्यांनी तबकडी बाजूला ठेवली, त्यांच्या कानांवर हे आलेच नाही.

म्हणून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, ज्या क्रमाने बँडने मांडला आहे त्या क्रमाने, दुसरे काही न करता एकदा ऐकावा. मग काही दिवस जाऊ द्यावेत आणि पुन्हा ऐकावा. या मधल्या काळात जुना अल्बम मुद्दाम शेजारी लावून तुलना करण्याचा मोह टाळावा, कारण ज्या गाण्यांना आपल्या आठवणी चिकटल्या आहेत, त्यांच्यापुढे कालचे गाणे हरणारच. तुलना करायचीच असेल, तर नव्या अल्बममधले सर्वांत चांगले गाणे जुन्या अल्बममधल्या अशा गाण्याशी ताडून पाहावे, जे आपण नेहमी वगळून पुढे जात होतो. निकाल पुष्कळदा अनपेक्षित लागतो.

बदल वेगवेगळे करून ऐकावेत

‘पॉप झाले’ ही तक्रार एकच वाटली, तरी तिच्यात निदान चार निरनिराळे बदल मिसळलेले असतात: गाण्याची रचना, वाद्यांची निवड, ध्वनिमुद्रण व मिश्रण (म्हणजे प्रत्येक वाद्याची पातळी ठरवणे), आणि शब्द. कधी चारही बदलतात, तर कधी एकच बदललेला असतो आणि आपण चौघांवर रागावलेलो असतो. हे वेगळे काढण्यासाठी बरा हेडफोन लावून एकच गाणे लागोपाठ ऐकावे, आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे: एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त बेस, एकदा फक्त गायकाचा आवाज.

मेटॅलिका या हेवी मेटल बँडचे दोन अल्बम या सरावासाठी उत्तम आहेत. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’चे शीर्षकगीत सुमारे पावणेदहा मिनिटांचे आहे, त्यात रिफ, म्हणजे गिटारीवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे सुरांचे तुकडे, बदलत राहतात, लय मध्येच तुटते, पुन्हा सांधली जाते आणि गाणे कुठे वळेल याचा पहिल्या काही वेळा अंदाजच येत नाही. तीन वर्षांनी, १९९१ साली, बँडने आपलेच नाव दिलेला आणि काळ्या मुखपृष्ठामुळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा अल्बम काढला आणि त्यासाठी बॉब रॉक हा निर्माता निवडला. त्याआधी १९८९ मध्ये मॉटली क्रू या रॉक बँडच्या अल्बमला त्याने दिलेला भरदार ध्वनी बँडला हवासा वाटला होता. त्या अल्बममधले ‘एंटर सँडमॅन’ साडेपाच मिनिटांचे आहे. सुरुवातीला गिटार एकटी, स्वच्छ आवाजात वाजते. मग ड्रम खालून चढत येतात, गिटारींवर गिटारी रचल्या जातात आणि तो एक रिफ जाड होत होत पूर्ण ताकदीने कोसळतो. त्यानंतर जवळजवळ सगळे गाणे त्या एकाच रिफवर उभे आहे. थ्रॅश या अतिवेगवान मेटल प्रकाराच्या वेगावर आणि गुंतागुंतीवर वाढलेल्या श्रोत्यांना हे सोपे, रेडिओसाठी केलेले वाटले, आणि रचनेपुरती ती तक्रार रास्तच होती.

आता हीच दोन गाणी फक्त बेसकडे लक्ष ठेवून ऐकावीत. १९८८ च्या अल्बमवर जेसन न्यूस्टेडची बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, इतकी ती मिश्रणात दाबलेली आहे. १९९१ मध्ये ती छातीवर आदळते. म्हणजे रचना सरळ झाली, वेग उतरला, पण ध्वनी निःसंशय सुधारला. एवढे कळल्यावर आपल्यालाही आपली तक्रार नेमकी मांडता येते. ‘गाणी आखूड आणि एकमार्गी झाली’ हे विधान कोणालाही ऐकून पडताळता येते. ‘बँड संपला’ हे विधान फक्त बोलणाऱ्याची मनःस्थिती सांगते.

शब्दांची गोष्ट त्याहून नाजूक आहे, कारण चाल आवडली नाही की शब्दांकडे लक्षच जात नाही. लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा ‘वन मोअर लाइट’ हा अल्बम १९ मे २०१७ रोजी आला, तेव्हा गिटारी मागे गेलेल्या होत्या, गायक चेस्टर बेनिंग्टन यांचे ओळखीचे किंचाळणे जवळपास नव्हते, आणि ‘हेवी’ हे गाणे तर ज्युलिया मायकल्स व जस्टिन ट्रँटर या पॉप गीतकारांच्या सोबतीने लिहिलेले होते. जुने चाहते उघडपणे संतापले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २० जुलै २०१७ रोजी, बेनिंग्टन यांचा आत्महत्येने मृत्यू झाला, आणि स्वतःच्याच मनाच्या ओझ्याबद्दल बोलणारे ते शब्द अनेकांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट ऐकले. यावरून कोणी तो अल्बम आवडून घेतलाच पाहिजे असे मुळीच नाही. चाल मिळमिळीत वाटत असेल, तर ती तशी वाटते असे म्हणण्याचा हक्क शाबूत आहे. फक्त शब्द एकदा संगीत बंद करून, वाचून पाहावेत, आणि ते पोकळ आहेत की नाहीत हे मगच म्हणावे.

श्रेयनामावली वाचावी

नाराज चाहते ज्याला दोष देतात, तो माणूस कित्येकदा चुकीचा असतो. जेनेसिसमधून १९७५ मध्ये गायक पीटर गेब्रियल आणि १९७७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेट बाहेर पडले. ड्रमवादक फिल कॉलिन्स गायक झाला होता, आणि बँड पॉपकडे गेला तो त्याच्यामुळेच, अशी समजूत आजही ऐकू येते. परंतु १९७८ चे ‘फॉलो यू फॉलो मी’, म्हणजे ज्या प्रेमगीताने हे वळण ठळकपणे दिसले, त्याचे शब्द बँडमधल्याच माइक रदरफर्डचे आहेत आणि संगीताचे श्रेय तेव्हा बँडमध्ये उरलेल्या तिघांचेही आहे.

त्यामुळे सीडीची पुस्तिका, रेकॉर्डचे वेष्टन किंवा स्ट्रीमिंग ॲपमधला श्रेयांचा विभाग उघडून गाणे कोणी लिहिले, निर्माता कोण आणि मिश्रण कोणाचे, एवढ्या तीन गोष्टी जुन्या व नव्या अल्बमसाठी पाहाव्यात. निर्माताच बदलला असेल, तर पुढच्या अल्बमला तो कायम राहतो का याकडे लक्ष ठेवणे पुरेसे असते. गीतलेखनच बाहेर गेले असेल, तर मामला अधिक खोल आहे. याचे टोकाचे उदाहरण स्टारशिपचे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडमधून पुढे जेफरसन स्टारशिप निघाला. १९८४ मध्ये संस्थापकांपैकी पॉल कँटनर बाहेर पडला, नावावरून कायदेशीर वाद झाला आणि उरलेल्यांनी ‘जेफरसन’ हा शब्द सोडून नुसते ‘स्टारशिप’ नाव ठेवले. पुढच्याच वर्षी ‘वी बिल्ट धिस सिटी’ हे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या लेखकांत बर्नी टॉपिन, मार्टिन पेज, डेनिस लँबर्ट आणि पीटर वुल्फ अशी चार नावे आहेत, आणि स्टारशिपच्या गायकांपैकी एकाचेही नाव त्यांत नाही. अशा वेळी जुन्या चाहत्याने हा दुसरा बँड आहे असे समजून चालावे. त्याने मनस्ताप बराच कमी होतो.

हेतूबद्दलचा आरोप मात्र शक्यतो टाळावा. पैशासाठी केले की कंटाळा आला म्हणून केले, हे ध्वनिमुद्रण ऐकून कळत नाही. शिवाय वळण घेतलेला बँड प्रत्येक वेळी फिकाच पडतो असेही नाही: १९६७ मध्ये पीटर ग्रीनच्या ब्लूज गिटारभोवती उभ्या राहिलेल्या फ्लीटवुड मॅकने दहा वर्षांनी ‘रूमर्स’ काढला, तेव्हा ब्लूजचे चाहते हळहळले असतील, पण तो अल्बम फिका आहे असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण.

जुने संगीत आपल्याजवळ ठेवावे

हे काम कंटाळवाणे असले तरी महत्त्वाचे आहे. स्ट्रीमिंगवर दिसणारा जुना अल्बम हा आपण ऐकलेलाच असेल याची खात्री नसते. जेनेसिसचे जुने अल्बम २००७ पासून नव्याने मिश्रण करून पुन्हा काढण्यात आले, आणि कित्येक जुन्या श्रोत्यांना पहिलेच मिश्रण प्रिय आहे. म्हणून आवडत्या अल्बमची मूळ आवृत्ती रेकॉर्ड किंवा सीडीच्या रूपात मिळाली तर घेऊन ठेवावी, आणि जुनी सीडी विकत घेताना मागच्या बाजूवरचे साल व ‘रीमिक्स’ असा उल्लेख पाहावा. ‘रीमास्टर’मध्ये जुन्याच मिश्रणावर शेवटचा हात फिरवलेला असतो, ‘रीमिक्स’मध्ये प्रत्येक वाद्याची पातळी नव्याने ठरवलेली असते, दोन्हींत फरक मोठा आहे.

बाहेर पडलेल्या सदस्यांचा मागही घ्यावा. हॅकेट आजवर आपल्या दौऱ्यांत जेनेसिसच्या १९७०च्या दशकातल्या रचना वाजवत आला आहे. ज्यांना तेच संगीत रंगमंचावर ऐकायचे आहे, त्यांची सोय मूळ बँडपेक्षा तिथे अधिक चांगली झाली. पुष्कळ बँडच्या बाबतीत असा एक तरी माणूस असतो.

तिकीट काढण्यापूर्वी

मोठ्या दौऱ्यात प्रकाशयोजना आणि पडद्यावरची दृश्ये आधीच आखलेली असल्यामुळे गाण्यांची यादी रोज फारशी बदलत नाही. पहिले काही कार्यक्रम होऊ द्यावेत, सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर त्यांत वाजलेल्या गाण्यांची यादी पाहावी, जुनी गाणी किती आहेत ते मोजावे आणि मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवावे. यादी पाहूनही गेलात, तर नव्या गाण्याला आरडाओरडा करू नये. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरमध्ये लोकसंगीताचा गायक म्हणून नावाजलेल्या बॉब डिलनला ‘जुडास’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) अशी हाक कोणीतरी मारली, तोपर्यंत त्याला विजेची गिटार हाती घेऊन जवळजवळ वर्ष होत आले होते. प्रेक्षकांना पुरेशी पूर्वसूचना मिळालेली होती. (तिथे प्रवास लोकसंगीताकडून रॉककडे होता, पण राग अगदी आपल्यासारखाच.)

नव्या चाहत्यांशी गाठ पडणारच. त्यांना अमुक सालानंतरचा बँड खरा नाही असे सुनावल्याने जुन्या अल्बमला एकही श्रोता मिळत नाही. त्यांनी जुने काय ऐकावे असे विचारले, तर सर्वांत अवघड अल्बम पुढे करण्याची हौस आवरावी आणि वळणाच्या तोंडाशी असलेला अल्बम द्यावा. ‘इन्व्हिजिबल टच’ आवडलेल्या माणसाला एकदम १९७३ च्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’पाशी नेऊ नये; आधी १९८० चा ‘ड्यूक’ द्यावा. त्यात ‘मिसअंडरस्टँडिंग’सारखे सुटसुटीत गाणे आहे आणि शेवटी लांब वाद्यप्रधान रचनाही आहे. तो शेवट त्याला पुन्हा ऐकावासा वाटला, तर १९७३ चा अल्बम तेव्हा काढावा.