सांगलीच्या नाकाने आयपीए पारखताना

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांच्या कडवटपणावर आणि सुगंधावर उभी असलेली बिअर आहे. ती पारखण्यासाठी जी कोष्टके मिळतात, त्यांत ग्रेपफ्रूट, पाइन, पॅशनफ्रूट असे वास सांगितलेले असतात. सांगली-मिरजेत वाढलेल्या माणसाने यांतले निम्मे पदार्थ कधी हुंगलेलेच नसतात, त्यामुळे तो कोष्टकातला शब्द वाचून मान डोलावतो आणि स्वतःच्या नाकाला प्रत्यक्ष काय जाणवले, हे नोंदवायचे राहून जाते. म्हणून पारख शिकण्याची सुरुवात पेल्यापासून न करता मंडईपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

चाखण्याच्या आदल्या दिवशी बाजारातून एक पपनस, दोन लिंबे, एक कैरी, एक पिकलेला पेरू आणि गवती चहाची जुडी आणावी. घरातले धने, मिरे, गूळ, बेदाणे आणि न जाळलेल्या राळेचा एक खडा काढून ठेवावा. प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत घेऊन चुरडावा, फळांच्या साली नखाने खरवडाव्यात आणि डोळे मिटून एकेक वास मनात बसवावा. हा केवळ उपमांचा खेळ नाही. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ असल्याने पपनसाची साल त्याच्या अगदी जवळ जाते. धन्यांना त्यांचा गोडसर गंध देणारे लिनालूल हॉप्सच्या तेलातही असते. मिऱ्यांतले कॅरिओफायलीन आणि गवती चहातले मर्सीन हेही हॉप्समध्ये सापडतात. पाइनच्या ठिकाणी राळ हा शब्द वापरला, तर तो आपल्या नाकाला लगेच कळतो. ज्याला धने ओळखता येतात, त्याच्या नाकाची हॉप्सशी निम्मी ओळख आधीच झालेली असते.

खरेदी करताना कॅनवरची भरल्याची तारीख सर्वांत आधी पाहावी. हॉप्सचा सुगंध या बिअरमध्ये सर्वांत लवकर उडून जातो. तीन महिन्यांहून जुनी आणि थंड न ठेवलेली आयपीए मी मूल्यमापनासाठी घेत नाही. पुण्याहून सांगलीपर्यंतचा प्रवास सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक आहे, तेव्हा बर्फाची पेटी सोबत असावी. एका मे महिन्यात मी आणलेल्या चार कॅनपैकी दोन पेटीत होते आणि दोन गाडीच्या डिकीत दोन दिवस विसरले गेले. नंतर चारही एकाच तापमानाला आणून शेजारी शेजारी ओतले, तेव्हा पेटीतल्या बिअरला पिकलेल्या पेरूचा आणि लिंबाच्या सालीचा वास होता, तर डिकीतल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा. बेदाण्याची खोकी पावसात भिजल्यावर जो वास येतो, तोच तो. उष्णतेमुळे बिअरमधल्या प्राणवायूच्या अभिक्रियांना वेग येतो आणि ती अकाली म्हातारी होते, हे त्या दिवशी मला प्रत्यक्ष हुंगायला मिळाले.

ग्लास स्वच्छ असणे ही अट वाटते त्याहून कडक आहे. स्वयंपाकघरातल्या तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला, तर फेस टिकत नाही आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसतात. खाण्याच्या सोड्याने ग्लास घासून भरपूर पाण्याने विसळावा आणि पुसू नये, उपडा ठेवून निथळू द्यावा. तोंडाशी किंचित आत वळलेला ग्लास सर्वांत चांगला, कारण त्यात वास कोंडून राहतो. आपल्याकडे बिअर बर्फासारखी थंड मागण्याची सवय आहे, मात्र त्या थंडीत सुगंध दबून जातो. बिअर सात ते दहा अंश सेल्सिअसला असावी. सांगलीच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर काही मिनिटे पुरतात, हिवाळ्यात थोडा अधिक वेळ द्यावा. तीनशे मिलिलिटरच्या ग्लासात शंभर मिलिलिटरच ओतावे.

ओतल्याबरोबर, रंगाकडे पाहण्याआधी, नाक ग्लासजवळ न्यावे, कारण सर्वांत हलके सुगंध पहिल्या काही क्षणांत निघून जातात. एक दीर्घ श्वास घेण्याऐवजी तीन-चार छोटे हुंगे घ्यावेत आणि कोणाशीही न बोलता जे सुचेल ते लिहून काढावे. सोबत्याने एकदा ‘कैरी’ म्हटले, की सगळ्यांनाच कैरी येऊ लागते. मग ग्लासवर तळहात ठेवून तो गोल फिरवावा आणि पुन्हा हुंगावे. आता हॉप्सच्या मागचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, शोधावा. भाजलेला रवा, पावाची खरपूस कड, थोडा गूळ अशा रूपांत तो भेटतो. रंगाविषयी फार सांगण्यासारखे नाही. फिकट सोनेरीपासून तांबूस छटेपर्यंत सर्व चालते, फेस पांढरा आणि टिकणारा असावा, आणि न्यू इंग्लंड या मुद्दाम गढूळ ठेवल्या जाणाऱ्या पद्धतीच्या आयपीएमध्ये गढूळपणा हा दोष मानू नये.

चव घेताना बिअर थुंकू नये, गिळावी, कारण कडवटपणाचा खरा स्वभाव गिळल्यानंतर कळतो आणि घशाच्या मागून नाकात चढणारा सुगंधही तेव्हाच जाणवतो. इथे मराठीचा मोठा उपयोग आहे. आपण ‘कडू’ आणि ‘तुरट’ हे दोन रस लहानपणापासून वेगळे ओळखतो, आणि आयपीए पारखताना नेमका हाच भेद करावा लागतो. हॉप्समधली अल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि त्यांतून कडवटपणा येतो; शेवटी किंवा थंड बिअरमध्ये घातलेल्या हॉप्समधून मुख्यतः सुगंध येतो. घोट गिळल्यावर मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत. चांगला कडवटपणा कोवळ्या मेथीसारखा चढतो आणि स्वच्छपणे ओसरतो. तो कारल्याच्या बियांसारखा जिभेला धरून बसला, किंवा कच्चे केळे खाल्ल्याप्रमाणे तोंडाला मिठी बसून हिरड्या कोरड्या पडल्या, तर तसे स्पष्ट लिहावे. दुसरा अनुभव तुरटपणाचा आहे आणि तो पुष्कळदा हॉप्सचा पाला गरजेपेक्षा जास्त वेळ बिअरमध्ये राहिल्याने येतो. कॅनवरचा आयबीयूचा, म्हणजे कडवटपणाच्या एककाचा, आकडा मोजमापाचा आहे, चवीचा नाही. अमेरिकन आयपीएसाठी 40 ते 70 ही रूढ मर्यादा आहे, तरीही माल्ट भरदार असेल तर 65 सौम्य लागते आणि माल्ट हलका असेल तर 45 सुद्धा बोचते.

दोन घोटांच्या मध्ये साधे पाणी आणि बिनतिखटाचे चुरमुरे घ्यावेत. भडंग मला मनापासून प्रिय आहे, पण मूल्यमापन संपेपर्यंत ती दूर ठेवावी, कारण मिरचीचा जाळ कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही वाढवून दाखवतो. अनेक बिअर असतील, तर कमी कडूकडून जास्त कडूकडे जावे, आणि एका बैठकीत चारांहून अधिक नमुने घेऊ नयेत.

दोषांपैकी काही आपल्या ओळखीचे आहेत. ताज्या लोण्याचा वास आला तर ते डायअसिटिल, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा आला तर डायमिथाइल सल्फाइड, आणि हिरव्या सफरचंदाचा आला तर बहुधा बिअर पुरती पिकण्याआधीच भरली गेली आहे. उन्हाचा दोष मात्र शिकण्यासाठी मुद्दाम घडवून पाहावा. एकाच कॅनमधली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओतून एक सावलीत आणि दुसरा गच्चीवर उन्हात पंधरा मिनिटे ठेवावा, मग दोन्ही सारखे गार करून हुंगावे. उन्हातल्या ग्लासाला गंधकासारखा उग्र, जळक्या रबराच्या जातीचा वास येतो, कारण प्रकाशामुळे हॉप्सच्या कडू द्रव्यांपासून गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी बाटली किंवा कॅन का हवा, याचे उत्तर त्या ग्लासात मिळते.

गुण देण्यासाठी बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेची पन्नास गुणांची पद्धत सोयीची आहे: सुगंधाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण प्रभावाला 10. दिसण्याला केवळ तीन गुण आहेत हे लक्षात ठेवले, तर सुंदर फेसाला भुलायला होत नाही. आपले गुण कितपत भरवशाचे आहेत हे तपासण्यासाठी घरच्या एखाद्याला तीन ग्लास भरायला सांगावेत, त्यांतल्या दोहोंत एकच बिअर आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखता आला नाही, तर त्या दोन बिअरना दिलेल्या गुणांतला फरक खोडून टाकावा. हा सगळा अभ्यास कायद्याने ठरवलेले वय पूर्ण झालेल्यांनी, परवाना काढून आणि त्या दिवशी गाडी न चालवता करावा.

हॉप्सची फुले कृष्णाकाठी येत नाहीत. भारतात त्यांची लागवड हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते. ‘इंडिया’ हे नाव जहाजांमुळे चिकटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून फिकट, हॉप्सयुक्त बिअर हिंदुस्थानात येऊ लागली, पुढे 1820 च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन या गावचे उत्पादक त्या व्यापारात उतरले, आणि हे नाव छापील रूपात 1829 साली ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्रात आढळते.

ग्लासाच्या तळाशी दोन घोट मुद्दाम राखावेत आणि अर्ध्या तासाने, बिअर खोलीच्या तापमानाला आल्यावर, ते घ्यावेत. थंडीने झाकलेले दोष आणि झाकलेला माल्ट दोन्ही तेव्हा उघडे पडतात. त्यानंतरच वहीत शेवटचे गुण, चाखल्याची तारीख आणि कॅनवरची तारीख एका ओळीत लिहावी.