पंचकार्डच्या डेटातले आकडे कसे वाचायचे, माझा अनुभव

पंचकार्डच्या (भोकं पाडून डेटा साठवायच्या जाड कागदी कार्डांच्या) काळातला डेटा पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण फाइल उघडून थेट स्पेसवर तोडायला घेतात. ते करू नका. कार्डावर कॉलम फक्त ८०, त्यामुळे दोन आकड्यांच्या मधे जागा सोडायची चैन कुणाला परवडायची नाही, एक आकडा संपला की पुढच्याच कॉलमला दुसरा सुरू. कुठला कॉलम कशाचा हे कोडबुकमध्ये असतं, ते मिळेपर्यंत मी तरी कोडला हात लावत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चिन्हाचा. उणे दाखवायला वेगळा कॉलम खर्च करायचा नाही म्हणून शेवटच्या अंकाच्याच कॉलममध्ये वर एक जादा भोक पाडायचे (कार्डाच्या सगळ्यात वरच्या दोन ओळी म्हणजे १२ आणि ११), ११ च्या ओळीत असेल तर उणे, १२ च्या ओळीत असेल तर अधिक. तीच कार्डं टेक्स्ट फाइलमध्ये आली की त्या भोकांचं अक्षर होतं: ए ते आय म्हणजे +१ ते +९, जे ते आर म्हणजे -१ ते -९, आणि शून्याला बहुतेकदा महिरपी कंस. म्हणजे ००१२ च्या पुढे एल दिसला तर तो आकडा -१२३ आहे, आणि लोक तो एल कचरा समजून उडवतात, मग राहतात नुसते १२, आणि प्रोग्राम एररही देत नाही!

दशांश टिंबाचंही तसंच, ते छापलेलंच नसतं. फॉर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एफ८.२ लिहिलंय म्हणजे आठ कॉलम आणि शेवटचे दोन अंक टिंबानंतरचे, पण कार्डावर टिंब खरंच पाडलेलं असेल तर तेच खरं धरायचं.

रिकामी जागा मात्र फार जपून. जुना फॉर्ट्रान तिला शून्य धरायचा, तीन कॉलममध्ये १२ आणि पुढे एक स्पेस असेल तर १२०, आजची बरीच टूल्स तेच १२ वाचतात. आणि अख्खं फील्ड रिकामं असेल तर सर्व्हेमध्ये त्याचा अर्थ बहुधा 'उत्तर नाही', तिथे शून्य भरलं की सरासरी गेलीच.

अणुभौतिकीच्या ईएनडीएफ नावाच्या डेटा फाइल्स आजही ८० कॉलमच्या वळणाच्या आहेत, तिथे १.२३४५६७+५ असा आकडा दिसेल, म्हणजे १.२३४५६७ई+५, १.२३४५६७ गुणिले दहाचा पाचवा घात. मधलं ई अक्षर जागा वाचवायला गाळलेलं असतं, फॉर्ट्रानला ते कळतं, पायथनचं फ्लोट (टेक्स्टचा आकडा करणारं फंक्शन) सरळ नाकारतं, त्यामुळे आधी ई घालून घ्या. मूळ ओळ टेक्स्ट म्हणून शेजारी जपून ठेवा, आणि जुन्या छापील रिपोर्टात एखादी बेरीज असेल तर आपली बेरीज तिच्याशी जुळवल्याशिवाय पुढचं काही काढू नका.