जुन्या गॅरेजमधली कपाटं नि वर्कबेंच घेताना आधी खण उपसा

जुन्या सर्व्हिस स्टेशनमधलं लोखंडी कपाट दिसलं की माणूस आधी दारावरच्या नावाला भुलतो, चॅम्पियनचे प्लग, ट्रिकोचे वायपर वगैरे, मीपण भुललोय. पण नाव नंतर. आधी सगळे खण एकेक करून पूर्ण बाहेर काढा. एखादा खण नसेल तर तो परत मिळणारच नाही असं धरून चाला, नवा वाकवून घेतला तरी शेजारच्या खणांत तो उपराच दिसतो. मग आत हात घालून तळ चाचपा, वरून टकाटक असलेल्या कपाटाचा तळाचा पत्रा पापडासारखा मोडतो कधीकधी.

वय काढायचं तर पत्ता वाचा. अमेरिकन कपाटावर बऱ्याचदा कंपनीचं गाव छापलेलं असतं, चॅम्पियन टोलेडोची, ट्रिको बफलोची. पुढे पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, असेल तर माल १९६३ नंतरचा, कारण तो कोड आलाच तेव्हा. गावापुढे नुसता टपालाचा एक-दोन आकडी झोन नंबर असेल तर बहुतेक १९४३ ते ६३ मधला.

नाव नंतर चिकटवलंय का हे बघायला कपाट उन्हात घ्या आणि एखादा जुना ओरखडा बोटाने धरून चला. खरा ओरखडा रंगातून जातो तसा अक्षरांतूनही जातो. अक्षरापाशी येऊन गायब झाला, पलीकडे परत निघाला, म्हणजे स्टिकर कालचा आहे, किंमत त्या हिशोबाने बोला.

साफ करताना हात आवरा! सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, तेही आधी मागच्या कोपऱ्यात. मी पहिल्याच कपाटावर थिनर फिरवला आणि वंगणाबरोबर अर्धं नाव फडक्यावर आलं, अजून हळहळ वाटते. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडा पॉलिश पेपर तर नकोच. आणि नवा रंग मारायचा असेल तर सरळ नवीन कपाट घ्या ना.

बेंचचं तेवढं अवघड नाही. तेल पिऊन काळी पडलेली जाड फळी, वाइसच्या (काम पकडून ठेवायच्या शिकंज्याच्या) बोल्टची भोकं, पुढची झिजलेली कड, हे सगळं तसंच ठेवा, रंधा मारू नका, फक्त पाय हलतात का बघा. फळीला जवसाचं तेल लावलंत तर फडक्याचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेतो, बाहेर पसरून वाळवा.

उचलायच्या आधी खण काढा, वजन निम्मं होतं, आणि प्रत्येकावर मागून खडूने नंबर टाका. वर्षानुवर्षं घासून खण आपापल्या जागेत बसलेला असतो, दुसरीकडे अडकतो. मी एकदा नंबर न टाकता अठरा खण आणले, अख्खा रविवार कुठला कुठे बसतो हेच बघत होतो.