अन्ननलिकेची शस्त्रक्रिया आणि गुंतागुंतीचा पूर्वअंदाज: प्रबंध घेणाऱ्यांसाठी

सोलापुरात शस्त्रक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना, अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कोणाला गुंतागुंत होईल याचा पूर्वअंदाज हा प्रबंधाचा विषय मी घेतला, तेव्हा आकडे भरले की पुढचे काम संगणक करील अशी माझी समजूत होती. केस पेपर काढल्यावर ती फिटली. मानेच्या जखमेतून लाळ येऊ लागल्यावर एका युनिटने ‘जोड गळला’ (म्हणजे अन्ननलिकेचा भाग काढल्यावर उरलेली टोके जिथे शिवतात ती जागा गळली) असे लिहिले होते, तर दुसऱ्याने तेच ‘जखमेत संसर्ग’ म्हणून नोंदवले होते, त्यामुळे निम्मे केस पेपर मला पुन्हा वाचावे लागले. म्हणून आधी व्याख्या ठरवून घ्याव्यात; २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केलेल्या व्याख्या आणि तीव्रतेसाठी २००४ ची क्लाव्हियन-डिंडो श्रेणी पुरेशी आहे.

ज्यांवरून अंदाज बांधायचा त्या घटकांची यादी लांबवण्याचा मोह आवरावा. मोजक्याच रुग्णांचा जोड गळलेला असताना वय, अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन), मधुमेह, घटलेले वजन असे दहा-बारा घटक अंदाजाच्या समीकरणात कोंबले, तर ते आपल्याच रुग्णांना चपखल बसते आणि शेजारच्या वॉर्डात फसते.

फुप्फुसांची नोंद मात्र स्वतः करावी. वर्षानुवर्षे बिडी ओढलेले एक यंत्रमाग कामगार आजोबा आमच्याकडे होते. फुप्फुसांच्या व्यायामाच्या, तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेल्या यंत्रातून श्वास ओढताना त्यांची पहिलीच गोळी कशीबशी वर जाई, पण पेपरवर ‘भूल देण्यास योग्य’ एवढेच होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला. किती गोळ्या वर जातात याचा रकाना मी त्यानंतर आखला.

माझी खरी चूक वेगळीच होती. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशीचे सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि नाडीची नवी अनियमितता हे दोन्ही घटक मी समीकरणात घेतले होते, आणि अंदाज फारच अचूक येत असल्याने खूश होतो. (अशी नाडी दिसली की केवळ हृदयाचे औषध देऊन थांबू नये, जोड आणि छाती तपासावी, हे खरेच.) मार्गदर्शक सरांनी तक्ता पाहून विचारले, “हा अंदाज तुम्ही रुग्णाला कधी सांगणार?” शस्त्रक्रियेआधी सांगायचा अंदाज नंतरच्या तपासण्यांवर बेतलेला होता. ते दोन्ही घटक काढल्यावर अचूकता बरीच उतरली, परंतु जे उरले ते ओपीडीत, शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी, नातेवाइकांसमोर मांडता येण्यासारखे होते.