फर्निचरला पॉलिश कुठलं करायचं? दुकानात जायच्या आधी एवढं बघा

दुकानात जाऊन "चांगलं पॉलिश द्या" म्हटलं की समोरचा पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा (लाकडावर टणक, प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) डबा काढतो. का नाही काढणार, सगळ्यात महाग तेच. पीयू वाईट आहे असं नाही हां, पण घरातल्या प्रत्येक लाकडाला ते लागत नाही आणि काही वस्तूंना तर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चमक किती येते हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की या वस्तूवर काय काय सांडणार, गरम भांडं येणार का, ऊन-पाऊस लागणार का, आणि पुढेमागे एखादा चरा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येईल का. हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि नंतर अख्खं टेबल घासायची वेळ येते.

जुन्या वस्तूंपासून सुरू करू. आजीचं सागवानी कपाट, शिसवी खुर्ची, कोरीव देव्हारा, यांच्यावर बऱ्याचदा फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचं पॉलिश असतं. खात्री करायची असेल तर मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात स्पिरिटमधे भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. तिथे चिकट लागलं आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर लाख समजा. स्पिरिटने फारसं काही होत नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावल्यावर सुटायला लागलं तर लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारं पॉलिश, आणि दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन नाहीतर पीयू. ही टेस्ट केल्याशिवाय जुन्यावर नवीन काही मारू नका, कारण खाली मेण किंवा तेल असेल तर वरचं पॉलिश धरत नाही, महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

लाख निघाली तर माझं ऐका, ती खरवडून पीयू मारू नका. लाखेची गंमत अशी की नवीन हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे वरवर हलकं घासून दोन-तीन हात मारले की कपाट परत उभं राहतं. साहित्य पण साधं आहे, एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा (लाखेचे सुके पापुद्रे), रात्रभर ठेवायचं, मधेमधे हलवायचं आणि सकाळी सुती कपड्यातून गाळायचं. हे काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीत करा, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. आणि लागेल तेवढंच बनवा. सहा-आठ महिने ठेवलेलं पॉलिश लावलं तर ते नीट वाळत नाही, नुसतं चिकचिक करत बसतं. काम चालू असताना आसपास समई, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको, स्पिरिटची वाफ पटकन पेट घेते.

लाखेचं दुखणं एकच, ती नाजूक असते. गार पाण्याचा ग्लास ठेवला की खाली पांढरी रिंग, गरम चहाचा कप ठेवला की डाग. रिंग वरवरची असेल तर जेमतेम ओलसर स्पिरिटचा बोळा अलगद फिरवला की बऱ्याचदा जाते, पण रोज रोज कोण करणार? म्हणून कपाट, पेटी, आरशाची फ्रेम, देव्हाऱ्याचा कोरीव भाग याला लाख, आणि जिथे पाणी-तेल सांडतं तिथे दुसरं काहीतरी. देव्हाऱ्यातच बघा ना, वरच्या कमानीला लाख मस्त दिसते पण खालच्या फळीवर तेल, पाणी, कुंकू, हळद सगळं पडतं. त्या फळीला पीयू करा नाहीतर वर पितळेचा पत्रा बसवून घ्या. हळदीचा डाग पडलाच तर घासत बसू नका, फळी निघत असेल तर काही दिवस उन्हाला लावा, हळदीचा रंग उन्हात बराच उडतो.

आता मेलामाइन की पीयू. दोन्हीत हार्डनर (पॉलिश कडक करणारं दुसरं द्रावण) घालावा लागतो आणि एकदा मिसळलं की काही तासात संपवावं लागतं, म्हणून डबा एकदम मिसळू नका, थोडं थोडं करा. मेलामाइन स्वस्त आहे, कडक होतं, बेड, शोकेस, पुस्तकाचं कपाट याला पुरेसं आहे, फक्त घराच्या आतच आणि कालांतराने थोडं पिवळट पडतं. वास भयंकर असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात काम झाल्यावर खोली काही दिवस उघडी ठेवा. पीयू पाणी, गरम, चरे सगळं जास्त सोसतं, डायनिंग टेबल, स्टडी टेबल, बाथरूमचा दरवाजा यांना तेच करा. पण ते स्प्रेने मारायचं असेल तर साधा कापडी मास्क चालत नाही, हार्डनर फुफ्फुसाला वाईट, कार्ट्रिजवाला मास्क घालणारा माणूस बघा. एवढा व्याप नको असेल तर टचवुडसारखे एकाच डब्यातले क्लिअर मिळतात, ब्रशने घरच्या घरी मारता येतात, तेवढे टणक होत नाहीत पण स्टुलाला काय हवंय अजून.

बाहेरच्या वस्तूंचा प्रकार वेगळा. झोपाळा, खिडक्या, गेट यांना क्लिअर वार्निश मारून "लाकूड दिसायला हवं" असा हट्ट असेल तर दर वर्षा-दोन वर्षांनी परत मारायची तयारी ठेवा. ऊन पारदर्शक थरातून आत जातं, खालचं लाकूडच सैल होतं आणि वरून पापुद्रे निघतात. रंग असला की ऊन अडतं, म्हणूनच कोकणातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना ऑइल पेंट दिसतो. प्रायमर, लांबी (भेगा-खड्डे भरायची पुट्टी), मग दोन हात ऑइल पेंट. फक्त जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. आपल्याकडे रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून घासा, मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

पोळपाट-लाटण्याला काही म्हणजे काही लावू नका.

रंग कसा येईल ते आधी बघायचं असेल तर घासलेल्या लाकडावर ओलं फडकं फिरवा, जो रंग दिसेल साधारण तोच क्लिअर पॉलिशखाली येतो. आवडला तर स्टेनचे (लाकडाला रंग देणारं द्रावण) पैसे वाचले. घासताना 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 220 पर्यंत जा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवं घासलेलं पॉलिशनंतर उठून दिसतं. दोन हातांच्या मधे 320 किंवा 400 चा पेपर हलका. नवीन साग तेलकट असतो, पीयूच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. आणि दरवाजाची वरची-खालची कड, टेबलाची खालची बाजू सोडू नका हो, पॉलिशवाले हमखास सोडतात, ओल तिथूनच शिरते आणि मग जुलैत दरवाजा लागत नाही.

पावसाळ्यात काम काढूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ दिसायला लागतं. दिवाळी ते होळी हा काळ बेस्ट.

काम झालं की लगेच वापरू नका. पीयू हाताला दुसऱ्या दिवशी कोरडं लागतं पण आतून पक्कं व्हायला आठवडाभर तरी जातो. तोपर्यंत गरम कुकर नको आणि टेबलावर ते पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात नको, ते पॉलिशला असं चिकटतं की काढताना त्याची नक्षी टेबलावर राहते.